माने की मोने? नामसाधर्म्याचे कोडे आणि कलावंतांच्या नावांची कुळकथा

१८६५ साली पॅरिसच्या 'सालोन' या वार्षिक चित्रप्रदर्शनात एदुआर माने यांची लोक तोंडभरून तारीफ करू लागले आणि त्या तारिफेने माने वैतागले. अभिनंदन होत होते ते त्यांच्या समुद्रचित्रांचे, आणि माने यांनी त्या वर्षी समुद्राचे एकही चित्र मांडलेले नव्हते. त्यांनी मांडले होते 'ऑलिंपिया', ज्याच्यावर प्रेक्षक आणि टीकाकार तुटून पडले होते. ती दोन समुद्रचित्रे होती चोवीस वर्षांच्या क्लोद मोने यांची. त्यांचे नाव तोवर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. भर म्हणजे प्रदर्शनात चित्रांची मांडणी चित्रकारांच्या आडनावांच्या वर्णक्रमाने होत असे, त्यामुळे दोघांची चित्रे एकाच दालनात आली. शिव्या माने यांच्या वाट्याला स्वतःच्या चित्रासाठी आल्या आणि कौतुक दुसऱ्याच्या चित्रासाठी.

माने (१८३२–१८८३) आणि मोने (१८४०–१९२६) यांची गल्लत आजही होते, आणि ती करणाऱ्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही. कला आणि साहित्याच्या इतिहासात अशा जोड्या पदोपदी भेटतात. सॅम्युएल बटलर नावाचे दोन इंग्रज लेखक आहेत, एक १७ व्या शतकातला आणि एक १९ व्या. फ्रान्सिस बेकन नावाचा एक तत्त्वचिंतक आहे आणि एक चित्रकार. अप्टन सिंक्लेअर आणि सिंक्लेअर लुईस हे दोघेही अमेरिकन कादंबरीकार आणि एकमेकांचे समकालीन. रूसो म्हणावे तर चार जण उभे राहतात. ही माणसे एकमेकांची कोण लागतात, त्यांची नावे इतकी सारखी का, आणि नाव सारखे असण्यावरून काही निष्कर्ष काढता येतो का, असे प्रश्न वाचकाला पडतात. त्यांची उत्तरे नावे मुळात कशी तयार झाली यात सापडतात.

आडनावांचा साठा मुळातच लहान

युरोपात अनेक शतके सामान्य माणसाला एकच नाव पुरत असे. गावे वाढली, करवसुलीच्या याद्या आल्या, चर्चच्या नोंदवह्या आल्या, तेव्हा एकाच गावातले पाच जॉन आणि सात पीटर वेगळे ओळखण्यासाठी नावापुढे दुसरी खूण लावावी लागली. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश १५३८ साली निघाला. फ्रान्समध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदींचा राजादेश पुढच्याच वर्षी, १५३९ मध्ये, व्हिलेर-कोत्रे या गावी निघाला. (याच गावात १८०२ साली अलेक्झांड्र द्यूमा यांचा जन्म झाला. त्यांच्या नावाची गंमत पुढे येईलच.) जी खूण तोवर तोंडी आणि बदलती होती, ती कागदावर चढली आणि हळूहळू पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव झाली.

या खुणा साधारण चारच ठिकाणांहून येत. पहिली खूण बापाच्या नावाची. अशा नावाला पितृनाम म्हणतात. नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांचे आडनाव म्हणजे 'इबचा मुलगा', आणि इब हे याकोब या नावाचे डॅनिश रूप आहे. दुसरी खूण गावाची किंवा जागेची. व्हॅन गॉग म्हणजे 'गॉखचे', आणि गॉख हे डच सीमेलगतचे जर्मन गाव आहे. तिसरी धंद्याची. बटलर हे आडनाव जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचा मूळ अर्थ बाटल्यांची, म्हणजे मद्याच्या कोठाराची देखरेख करणारा असा होता. चौथी खूण रूपाची किंवा स्वभावाची, म्हणजे लोकांनी ठेवलेले नाव. रूसो म्हणजे तांबूस केसांचा.

बापांची नावे मोजकी, कारण ती बहुतेक संतांच्या नावांवरून ठेवलेली. धंदे मोजके, आणि माणसाच्या केसांचे रंग तर त्याहून मोजके. मग हजारो घराण्यांनी परस्परांना न विचारता तेच आडनाव उचलले तर नवल नाही. स्वस्त कुलुपांचे कारखाने किल्ल्यांचे थोडेच नमुने काढतात, त्यामुळे कधी कधी परक्याच्या किल्लीने आपले कुलूप उघडते. त्यावरून दोन्ही घरे एकाच मालकाची आहेत असे कोणी म्हणत नाही. आडनावांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणतो.

एका मुळाच्या अनेक फांद्या

फ्लॉरेन्समधील ब्रांकाच्ची प्रार्थनागृहाच्या भिंतींवर १४२० च्या दशकात दोन चित्रकारांनी मिळून काम केले, मासाच्चो आणि मासोलिनो. नवख्याला ही नावे जुळ्या भावांची वाटावीत. प्रत्यक्षात दोघांत कोणतेही रक्ताचे नाते नव्हते. दोघांचेही पाळण्यातले नाव तोम्माझो होते. इटालियनमध्ये त्याचे लाडके रूप पुढचा भाग तोडून 'माझो' असे होते, आणि त्याला निरनिराळे प्रत्यय लागतात. 'लिनो' लावला की छोटा किंवा लाडका माझो, 'आच्चो' लावला की धिप्पाड, गबाळा, अजागळ माझो. मासाच्चोने जेमतेम सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात पाश्चात्त्य चित्रकलेला नवी दिशा दिली आणि इतिहासात तो 'गबाळा तोम्माझो' म्हणून अमर झाला, हे लोकांनी ठेवलेल्या नावांच्या निर्दयपणाचे उत्तम उदाहरण आहे.

तांबूस केसांचे कूळ याहून मोठे आहे. फ्रेंच रूसो, इटालियन रॉसेत्ती आणि रॉसिनी, इंग्रजी रसेल या सगळ्यांच्या मुळाशी लाल रंगच आहे. म्हणजे विचारवंत जाँ-जाक रूसो, अरण्याची चित्रे रंगवणारे तेओदोर रूसो, न पाहिलेल्या जंगलांची स्वप्नवत चित्रे काढणारे आणि पोटासाठी पॅरिसच्या जकात खात्यात नोकरी करणारे आंरी रूसो, कवी-चित्रकार दान्ते गॅब्रिएल रॉसेटी आणि १९५० सालचे साहित्याचे नोबेल मिळवणारे बर्ट्रांड रसेल यांच्या कुठल्यातरी दूरच्या पूर्वजाला शेजाऱ्यांनी केसांवरून हाक मारली होती. या पूर्वजांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. तांबूस केस कोणत्याही खेड्यात निघत.

धंद्यावरून आलेल्या नावांत माझ्या मते सर्वांत बोलकी जोडी आहे शूबर्ट आणि शूमान यांची. शूबर्ट हे 'जोडे घडवणारा' अशा अर्थाच्या मध्ययुगीन जर्मन शब्दाचे झिजलेले रूप आहे आणि शूमान म्हणजेही जोडेवालाच. दोन्ही संगीतकारांची नावे एकाच कातडी धंद्यातून आली, पण दोघांची घराणी वेगळी, जन्म एकाचा व्हिएन्नातला आणि दुसऱ्याचा सॅक्सनीतला. १९५६ साली पूर्व जर्मनीच्या टपाल खात्याने शूमान यांच्या मृत्युशताब्दीनिमित्त तिकिटे काढली. त्यांवर शूमान यांची मुद्रा होती आणि मागे स्वरलिपी होती ती शूबर्ट यांच्या गीताची. चूक लक्षात आल्यावर योग्य स्वरलिपी घालून नवी तिकिटे छापावी लागली. ज्या देशाची भाषा ती नावे बोलते, त्या देशाच्या टपाल खात्याची ही कथा. मग इतरांनी स्वतःला का दोष द्यावा?

आवाज सारखा, म्हणजे मूळही एकच ना?

इथे एक शंका रास्त आहे. मासाच्चो-मासोलिनो काय किंवा शूबर्ट-शूमान काय, मूळ तरी एक निघाले. मग सारख्या आवाजावरून निदान सारखे मूळ गृहीत धरावे का? धरू नये. अनेकदा दोन निरनिराळे शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन मिळतात.

लुईस हे त्याचे चांगले उदाहरण. हे नाव एका वाटेने फ्रेंच 'लुई'वरून आले, ज्याच्या मागे लुडविगचे जुने जर्मानिक रूप आहे. पण वेल्समध्ये इंग्रजी कारभार आल्यावर लेवेलिन या अस्सल वेल्श नावाचेही कागदोपत्री 'लुईस' करून टाकण्याची रीत पडली, केवळ इंग्रज कानाला ते जवळचे वाटले म्हणून. त्यामुळे नुसत्या आडनावावरून एखाद्या लुईसचा मूळपुरुष लुई होता की लेवेलिन, हे सांगता येत नाही. त्यातही बालकथा आणि धर्मविषयक लेखनासाठी प्रसिद्ध असलेले सी. एस. लुईस आणि कवी सी. डे-लुईस ही जोडी फसवी आहे. डे-लुईस यांच्या वडिलांनी जन्मदात्याचे 'डे' आणि पालनकर्त्याचे 'लुईस' अशी दोन आडनावे जोडून हे नाव तयार केले होते. दोघांचा जन्म आयर्लंडमधला, आणि १९५१ साली ऑक्सफर्डमध्ये काव्याच्या प्राध्यापकपदासाठी दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. निवडून आले डे-लुईस.

चित्रकारांत व्हॅन आइक आणि व्हॅन डाइक ही तशीच जोडी. व्हॅन आइक हे नाव मासाइक या गावावरून पडले असे मानले जाते, आणि डाइक म्हणजे पाणी अडवणारा बांध. एकाचे गाव, दुसऱ्याचा बांध, मध्ये दोनशे वर्षांचे अंतर, पण तोंडात दोन्ही जवळजवळ सारखीच घोळतात.

याहून पुढची पायरी म्हणजे भाषाच वेगळ्या असताना झालेला निव्वळ योगायोग. एदुआर माने यांचे नाव देवनागरीत लिहिले की मराठी वाचकाला ते आपल्याकडच्या माने घराण्यातले वाटावेत इतके चपखल बसते. पॅरिसच्या माने यांना मात्र आपल्या नावात लॅटिन दिसत होते. लॅटिनमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ 'तो टिकून राहतो' असा होतो, आणि त्यावर कोटी करून त्यांच्या ग्रंथसंग्रहाच्या मुद्रेवर 'टिकतो आणि टिकेल' अशा अर्थाचे लॅटिन वाक्य कोरले गेले होते. हीदेखील कोटीच, व्युत्पत्ती नव्हे.

कारकुनाची लेखणी आणि धन्याची हौस

नावे नोंदवणारा माणूस जसे ऐकतो तसे लिहितो, आणि कित्येकदा तेच कायम होते. पण नावाचा धनी हुशार असेल तर तोही ती संधी साधतो. आयर्लंडच्या डाउन परगण्यात १७७७ साली एका गरीब शेतकरी घरात पॅट्रिक नावाचा मुलगा जन्मला. घराण्याचे नाव ब्रंटी किंवा प्रंटी असे उच्चारले जाई. मूळ आयरिश रूप 'ओ प्रॉन्टी'च्या जवळचे होते. १८०२ साली हा तरुण केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला, तेव्हा त्याच्या आयरिश उच्चारावरून वहीत 'ब्रँटी' असे लिहिले गेले. त्याने ते दुरुस्त करून घेतले, पण जुन्या ब्रंटीवर न जाता 'ब्राँटे' असे करून घेतले.

हेच रूप का निवडले, याचा अंदाज बांधता येतो. त्याच्या तीनच वर्षे आधी, १७९९ मध्ये, नौसेनानी नेल्सनला नेपल्सच्या राजाने सिसिलीतील ब्राँटे या जहागिरीचा ड्यूक केले होते, आणि नेल्सन म्हणजे त्या काळच्या इंग्लंडचे दैवत. शिवाय ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ मेघगर्जना होतो, आणि पॅट्रिक ग्रीक शिकलेला होता. पुढे शेवटच्या स्वरावर दोन टिंबे देण्याची पद्धत रूढ झाली. तो स्वर मुका नसून उच्चारायचा आहे, एवढेच ती टिंबे सांगतात. शार्लट, एमिली आणि ॲन या तिन्ही लेखिका बहिणी ज्या आडनावाने जगाला ठाऊक आहेत, ते आडनाव त्यांच्या वडिलांनी ऐन पंचविशीत स्वतःसाठी घडवलेले आहे. सिसिलीत जाऊन ब्राँटे घराण्याची मुळे शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही.

लिपी बदलली की आणखी एक थर चढतो. व्हर्जिनिया वुल्फ, टॉमस वुल्फ आणि टॉम वुल्फ यांची आडनावे रोमन लिपीत दोन निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात. त्या अक्षरभेदावरून जाणकार व्हर्जिनियाबाईंना उरलेल्या दोघांपासून वेगळे ओळखतो. देवनागरीत तिन्ही एकच होतात. व्हर्जिनियाबाईंना तर हे नाव १९१२ साली लेनर्ड वुल्फ यांच्याशी लग्न झाल्यावर मिळाले. त्यांचे माहेरचे आडनाव स्टीफन. टॉमस वुल्फ (१९००–१९३८) आणि पांढऱ्या सुटातले पत्रकार-कादंबरीकार टॉम वुल्फ हे दोघे अमेरिकन, पण त्यांच्यात नाते नाही.

मुद्दाम घेतलेली नावे

लेखकांच्या बाबतीत गोंधळ वाढतो, कारण ते टोपणनावे घेतात आणि टोपणनाव बहुधा कोणाचे तरी ऐकलेले असते. मेरी ॲन एव्हन्स यांनी 'जॉर्ज एलियट' हे नाव घेतले. त्यातले जॉर्ज हे त्यांचे जोडीदार जॉर्ज हेन्री लुईस यांचे, आणि एलियट हे तोंडात नीट बसणारे म्हणून निवडलेले. कवी टी. एस. एलियट यांचे आडनाव मात्र घराण्याचे. त्यांचा पूर्वज १७ व्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेत गेला होता. एकीने पसंत केलेला शब्द आणि दुसऱ्याला वारशाने आलेला शब्द यांच्यात नाते शोधणे व्यर्थ आहे.

चिलीच्या कवयित्री लुसिला गोदोय यांनी 'गाब्रिएला मिस्त्राल' हे नाव धारण केले. त्यातला मिस्त्राल हा प्रोव्हान्सचे कवी फ्रेदेरीक मिस्त्राल यांच्याविषयीच्या आदरातून आला असे मानतात. फ्रेदेरीक यांना १९०४ साली नोबेल मिळाले आणि गाब्रिएला यांना १९४५ साली. नोबेलच्या यादीत दोन मिस्त्राल आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा रक्ताचा नसून वाचनाचा आहे. अशा दुव्याला मी खोटे म्हणणार नाही.

टोपणनाव कधी अंगाशीही येते. ब्राँटे बहिणींनी १८४६ पासून करर, एलिस आणि ॲक्टन बेल अशी तीन नावे वापरली, प्रत्येकीचे आद्याक्षर राखून. वाचकांना आणि टीकाकारांना वाटू लागले की हे तिन्ही बेल म्हणजे एकच लेखक. ॲनच्या प्रकाशकाने तर तिची नवी कादंबरी अमेरिकेत अधिक खपाच्या करर बेलची म्हणून पुढे केली. शेवटी जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि ॲन रात्रीची गाडी पकडून लंडनला गेल्या आणि शार्लटच्या प्रकाशकासमोर प्रत्यक्ष उभ्या राहिल्या. आपण दोन स्वतंत्र व्यक्ती आहोत हे पटवून देण्याचा दुसरा मार्गच त्यांना उरला नव्हता.

टी. ई. लॉरेन्स यांच्या नावाचा प्रवास तर थक्क करणारा आहे. त्यांच्या वडिलांचे खरे आडनाव चॅपमन. पहिला संसार सोडून दुसरा थाटताना त्यांनी लॉरेन्स हे नाव घेतले. मुलगा अरबस्तानातील कामगिरीने जगप्रसिद्ध झाला आणि कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स यांच्याशी त्याची गल्लत होऊ लागली. प्रसिद्धीला कंटाळून तो हवाई दलात रॉस नावाने शिरला, मग रणगाडा दलात शॉ नावाने, आणि १९२७ मध्ये त्याने शॉ हे नाव कायदेशीर करून घेतले. ज्येष्ठ नाटककार बर्नार्ड शॉ हे त्याचे स्नेही असल्याने एक गोंधळ संपून दुसरा सुरू झाला, इतकेच.

मग नाते कधीच नसते का?

असते, आणि तेव्हा घोटाळा उलट्या बाजूने होतो. थोरले पीटर ब्रूगेल यांनी १५५९ च्या सुमारास सहीतला 'ह' गाळला. त्यांच्या दोन्ही चित्रकार मुलांनी तो परत घेतला, आणि धाकट्या पीटरने पुढे १६१६ नंतर स्वरांचा क्रमही बदलला. सख्ख्या बापलेकांची आडनावे अशी तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात.

द्यूमा बापलेकांचे तर नाव आणि आडनाव दोन्ही एकच, म्हणून फ्रेंच लोक 'पिता' आणि 'पुत्र' असे शेपूट लावतात. हे आडनाव मूळचे बापाकडचे नाहीच. थोरल्या द्यूमांचे आजोबा फ्रेंच उमराव होते, पण आजी मारी-सेसेत द्यूमा ही कॅरिबियन वसाहतीतली गुलाम स्त्री होती. त्यांच्या मुलाने सैन्यात भरती होताना बापाचे खानदानी नाव बाजूला ठेवून आईचे लावले आणि त्याच नावाने तो सेनापतिपदाला पोहोचला. रशियात टॉलस्टॉय नावाचे तीन मोठे लेखक झाले. लेव निकोलायेविच आणि अलेक्सेय कॉन्स्तान्तिनोविच हे चुलत-चुलत भाऊ, आणि अलेक्सेय निकोलायेविच पुढच्या काळातले, त्याच विस्तीर्ण घराण्यातले. मधले पितृनाम गाळले की शेवटच्या दोघांना वेगळे करता येत नाही, आणि भाषांतरांत ते हटकून गाळले जाते.

जपानच्या काष्ठमुद्रा चित्रकारांत मात्र सारख्या नावांना ठरलेला अर्थ आहे. उतागावा शाळेचे संस्थापक तोयोहारु. त्यांचे शिष्य तोयोकुनी आणि तोयोहिरो. तोयोकुनींचे शिष्य कुनिसादा आणि कुनियोशी, तर तोयोहिरोंचे शिष्य हिरोशिगे. गुरूच्या नावातला एक तुकडा शिष्याला मिळे आणि तो आपल्या नावात पुढे जोडी. त्यामुळे जाणकाराला नुसत्या नावावरून चित्रकाराची गुरुपरंपरा सांगता येते. कुनिसादा यांनी तर १८४४ मध्ये गुरूचे तोयोकुनी हे नावच घेतले. युरोपात जो योगायोग, तो इथे बिरुद आहे. सारखेपणाचा अर्थ लावण्याआधी नाव कोणत्या रीतीने ठेवले गेले हे पाहावे लागते, ते यासाठीच.

काम वेगळे असेल तर बिघडते कुठे?

आणखी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो असा की खऱ्या रसिकाला शैलीवरून कलावंत ओळखता येतो, मग नावाची एवढी उठाठेव कशाला? पण शैली ओळखायला आधी ती नामांकित व्हावी लागते. १८१७ मध्ये विशीतल्या फ्रान्झ शूबर्टचे एक गीत लाइपझिगच्या नामांकित प्रकाशनसंस्थेकडे पाठवले गेले. प्रकाशकाला फ्रान्झ शूबर्ट एकच ठाऊक होता, ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदातला. हस्तलिखित त्याच्याकडे गेले. त्याने चिडून उत्तर लिहिले की असला टाकाऊ माल आपण कधी रचलेला नाही, आणि आपले नाव वापरणाऱ्याचा छडा लावू. ते गीत आज जगातल्या सर्वश्रेष्ठ गीतांत गणले जाते; ते छापून यायला १८२१ साल उजाडावे लागले.

दोन्ही बाजू समंजस असतील तर तोडगा निघतो. विन्स्टन चर्चिल नावाचे एक अमेरिकन कादंबरीकार होते, आणि १८९९ साली ते ब्रिटिश चर्चिलपेक्षा कितीतरी अधिक लोकप्रिय होते. आपल्या लेखनाबद्दल भलत्याच कादंबरीचे अभिनंदन येऊ लागल्यावर चोविशीतल्या ब्रिटिश चर्चिलने अमेरिकन चर्चिलला पत्र लिहिले आणि आपण यापुढे 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करू असे कळवले. म्हणूनच १९५३ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या पंतप्रधानांच्या ग्रंथांवर मधले 'एस' दिसते. ज्या नामबंधूमुळे ते आले, तो आता जवळपास विस्मरणात गेला आहे.

माने आणि मोने यांचेही पुढे सूत जमले. १८७४ मध्ये माने यांनी मोने यांचे त्यांच्या चित्रनौकेत काम करतानाचे चित्र रंगवले. माने यांच्या मृत्यूनंतर 'ऑलिंपिया' परदेशात जाऊ नये म्हणून वर्गणी गोळा करून ते चित्र फ्रेंच राष्ट्राला मिळवून देण्यात पुढाकार मोने यांनीच घेतला.

सूचीकार हा गुंता कसा सोडवतात

ग्रंथालये नावापुढे जन्ममृत्यूची साले लावतात, आणि वाचकालाही ही सर्वांत सोपी युक्ती वापरता येते. संगणकाच्या आधीपासून आणखी एक तोडगा आहे, ध्वनिसंकेत, म्हणजे नावाचा उच्चार अंकांत मांडण्याची पद्धत. अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल (हाही तांबूस केसवाल्यांच्याच आडनावाचा) यांनी तिचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, पुढचे स्वर गाळायचे, आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चारस्थानावरून पाडलेल्या सहा गटांचे अंक द्यायचे. माने आणि मोने यांच्या रोमन रूपांत पुढची व्यंजने दोनच आणि तीही तीच, त्यामुळे दोघांचाही संकेत 'एम ५३०' असा निघतो. ब्रंटी, ब्रँटी आणि ब्राँटे तिन्ही 'बी ६५३' मध्ये पडतात, पण त्याच घराण्याचे प्रंटी हे रूप 'पी'खाली जाऊन हरवते. हरवलेली नोंद शोधायला ही पद्धत उपयोगी आहे. माणसे वेगळी करायला ती निरुपयोगी आहे.

त्यासाठी २०१२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात प्रत्येक लेखक-कलावंताला सोळा अंकी क्रमांक मिळतो, आणि टोपणनावाने केलेल्या कामासाठी स्वतंत्र क्रमांक देऊन तो मूळ व्यक्तीशी जोडण्याचीही सोय असते. क्रमांकाला ना लिपीची अडचण, ना उच्चाराची. अर्थात सूचीत केलेली विभागणी कार्यक्रमपत्रिकेपर्यंत पोहोचतेच असे नाही. ड्रेस्डेनच्या त्या चिडलेल्या शूबर्टचा मुलगाही फ्रान्झच होता आणि तो व्हायोलिन वाजवी. त्याने रचलेला 'मधमाशी' नावाचा छोटा, भिरभिरता तुकडा व्हायोलिनवादकांचा आवडता आहे, आणि घोटाळा टाळण्यासाठी रचनाकाराचे नाव फ्रेंच पद्धतीने 'फ्रांस्वा शूबर्ट' असे छापतात. तरीही तो तुकडा व्हिएन्नाच्या शूबर्टच्या नावावर खपवला जातो.